कर्जाची तडजोड आणि बेबाकीचा कागद

(शेतकरी व शेतमजूर आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी सावकारांच्या घरांना आगी लावण्यात आल्या, हे खरे. परंतु जमावाची मुख्य मागणी धान्याची नव्हती, पैशाचीही नव्हती. मागणी होती ती वह्या-खतावण्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती लागले ते कागद जाळण्यात आले. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव हाच प्रकार घडला, आणि जेथे सावकाराने रोखे निमूटपणे आणून दिले तेथे त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही.

शेतकऱ्यांचा रोष कागदावर का होता? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याजावर व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सावकाराने त्या कायद्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून घालायचे. फेडलेल्या रकमेची पावती द्यायची नाही, फिटलेला रोखा परत करायचा नाही. दंग्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात म्हणूनच तीन साध्या गोष्टी घालाव्या लागल्या: रक्कम मिळाल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक. तो कायदा आज इतिहासजमा झाला आहे. त्या तीन गोष्टींची गरज मात्र संपलेली नाही.

कर्ज दोन ठिकाणी असते. एक हिशेबात आणि दुसरे कागदावर. पैसे दिल्याने हिशेबातले कर्ज संपते, कागदावरचे संपतेच असे नाही. पहिले संपले आणि दुसरे जिवंत राहिले तर ज्याच्या हाती कागद तो पुन्हा वसुलीला उभा राहू शकतो. तो स्वतः नाही तर त्याचा मुलगा, भागीदार किंवा ज्याला त्याने कर्ज विकले ती कंपनी. कर्ज घेताना सावध असलेला माणूस कर्ज फिटताना गाफील होतो. वर्षानुवर्षांचे ओझे उतरल्याच्या आनंदात तो हात जोडून घरी येतो आणि सही केलेला कोरा धनादेश सावकाराच्या कपाटातच राहतो. आजचा विषय त्या दिवसाचा आहे: तडजोडीचा दिवस, त्याच्या आधीची तयारी आणि त्यानंतरची खबरदारी.

कमी रक्कम घेऊन पूर्ण कर्ज फिटले असे धनको मान्य करू शकतो काय? इंग्लंडच्या कायद्याने १६०२ सालापासून याचे उत्तर नकारार्थी दिले आणि १८८४ साली तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने ते कायम केले. नवा काही मोबदला नसेल तर धनको उरलेली रक्कम पुन्हा मागू शकतो, असा तो नियम. भारतीय करार अधिनियम, १८७२ ने हा नियम स्वीकारला नाही. त्याच्या कलम ६३ प्रमाणे धनको देणे पूर्ण वा अंशतः सोडू शकतो, किंवा त्याऐवजी त्याला योग्य वाटेल ते स्वीकारू शकतो. त्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणात पाच हजार रुपयांच्या देण्यापोटी दोन हजार रुपये देऊन ते पूर्ण देण्यापोटी स्वीकारले गेले, तर सारे कर्ज फिटले असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा तडजोड ही धनकोची मेहेरबानी म्हणून नव्हे, तर कायद्याने बांधणारा व्यवहार म्हणून करता येते. अट एकच. रक्कम 'पूर्ण देण्यापोटी' स्वीकारली गेली, हे सिद्ध करता आले पाहिजे. तोंडी शब्द कोर्टात टिकवणे गरिबाला फार महाग पडते.

हिशेब आधी, बोलणी मागाहून

बोलणीला बसण्यापूर्वी देणे किती आणि कोणाचे, हे ठरले पाहिजे. घेतलेले मुद्दल, त्याची तारीख, ठरलेला दर आणि आजवर दिलेल्या रकमा एका कागदावर मांडल्याशिवाय कार्यकर्त्याने कोणालाही सावकाराच्या ओसरीवर नेऊ नये. दरमहा शेकडा पाच हा दर ऐकायला लहान वाटतो. पन्नास हजारांवर तो महिन्याला अडीच हजार होतो, वर्षाला साठ टक्के होतो, आणि वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते. या ठिकाणी दामदुपटीचा नियम आठवला पाहिजे. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही, हा हिंदू विधीतील जुना नियम मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने आपापल्या परीने कायम ठेवला. सावकाराची युक्ती मात्र १८५९ नंतरचीच आहे: नवा कागद करून जुने व्याज मुद्दलात घालणे. म्हणून शेवटचा कागद पाहून भागत नाही, पहिल्या कागदापर्यंत मागे जावे लागते.

दुसरा प्रश्न परवान्याचा. महाराष्ट्रात कर्ज देतेवेळी सावकाराजवळ वैध परवाना नव्हता, तर त्या कर्जाचा हुकूमनामा कोर्ट त्याला देत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हाही आहे. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था आणि तालुक्याचे सहायक निबंधक यांच्याकडे त्याची चौकशी होते. परवाना आहे की नाही, एवढे कळले तरी बोलणीतला सूर बदलतो.

तिसरा प्रश्न मुदतीचा, आणि येथे भलेभले फसतात. साध्या हातउसन्या कर्जाच्या दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे तीन वर्षांची मुदत आहे. जमीन गहाण असेल तर गहाणाच्या रकमेच्या वसुलीसाठी ती बारा वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे मान्य असल्याचे सही करून लिहून दिले, किंवा काही रक्कम देऊन तशी आपल्या हस्ताक्षरात वा सहीने नोंद केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदत संपल्यावरही, जुने देणे फेडीन असे सहीनिशी लिहून दिल्यास करार अधिनियमाच्या कलम २५ (३) प्रमाणे तो नवा करार होतो. वसुलीला आलेला माणूस 'नुसते एवढे लिहून द्या, आम्ही साहेबांना समजावतो' असे म्हणतो, त्यावेळी तो नेमके हेच मागत असतो. ज्याला देणे फेडावयाचे आहे त्याने ते अवश्य फेडावे. परंतु मेलेल्या दाव्यात आपण प्राण फुंकतो आहोत, हे न कळता सही करू नये.

दोन-तीन कर्जे एकाच धनकोकडे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पैसे देताना ते कोणत्या कर्जापोटी आहेत हे सांगण्याचा हक्क ऋणकोचा आहे. त्याने तो बजावला नाही, तर धनकोला ती रक्कम हव्या त्या देण्याकडे, मुदतबाह्य देण्याकडेसुद्धा, वळवता येते. गप्प राहून दिलेला पैसा अशा रीतीने भलत्याच खात्यावर जमा होतो आणि दागिना ज्या खात्यावर तारण आहे ते खाते तसेच राहते.

देवाणघेवाणीचा दिवस

समजा, एका शेतकऱ्याने ऐंशी हजारांच्या मागणीवर चाळीस हजारांत तडजोड ठरवली. चाळीस हजार त्याने कसे उभे केले, हा प्रश्न वेगळा आहे. बहुधा एक बैल विकून आणि मेहुण्याकडून उसने घेऊन. आता ते द्यायचे कसे? रोख देऊ नयेत. बँकेतून, धनकोच्याच नावे, आणि त्याआधी तडजोडीचा लेखी कागद हाती घेऊन द्यावेत. कागदावर मूळ कर्जाची तारीख, मुद्दल, तडजोडीची रक्कम, देण्याचा दिवस आणि 'या रकमेत मुद्दल, व्याज व इतर सर्व देणे पूर्ण व अंतिम फिटले, काही येणे उरले नाही' असे शब्द असावेत. जुन्या मराठीत याला बेबाकी म्हणतात, आणि त्या शब्दात 'काहीही बाकी नाही' हा सगळा अर्थ आहे. सही धनकोची, दिवाणजीची नव्हे. कंपनी किंवा पतसंस्था असेल तर तडजोड मंजूर करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची, शिक्क्यासह. वसुली एजंटाच्या हातच्या चिठ्ठीला किंमत देऊ नये. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून घ्यावे. रोख दिल्यावाचून गत्यंतर नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर द्यावेत, आणि ते साक्षीदार सावकाराच्या वाड्यावर रोज जाणारे नसावेत.

हप्त्याने तडजोड होत असेल तर एक हप्ता चुकल्यास काय होणार, हे कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. बहुतेक छापील पत्रांत एक दिवस चुकला तरी सारी सवलत रद्द आणि पूर्ण मूळ देणे उभे, अशी अट असते. पेलणार नाही अशी तारीख कबूल करण्यापेक्षा बोलणी आठ दिवस लांबलेली बरी.

आता हातात घ्यावयाचे कागद. वचनचिठ्ठी म्हणजे प्रॉमिसरी नोट असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ८१ प्रमाणे पैसे देणाऱ्याला ती आधी पाहण्याचा आणि पैसे दिल्यावर परत घेण्याचा हक्क आहे. 'हरवली' असे उत्तर आले, तर त्या हरवलेल्या चिठ्ठीवर पुढे कोणी मागणी केल्यास जबाबदारी धनकोची, असे लिहून घेण्याचा हक्कही त्याच कलमाने दिला आहे. चिठ्ठी परत आली की सहीवर रेघ मारून 'रक्कम पावली, रद्द' असे धनकोकडून लिहून घ्यावे. ती फाडून टाकू नये. मूळ कागद रद्द झालेल्या स्थितीत जवळ असणे यासारखा पुरावा नाही. सही केलेले कोरे स्टँप पेपर, बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड, शिधापत्रिका (होय, तीही ठेवून घेतात), सोने-नाणे या प्रत्येक वस्तूची परतफेड त्याच कागदात नोंदवावी.

सर्वात घातक वस्तू कोरा धनादेश. १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हा कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा झाला. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. धनादेश देण्यापोटीच दिला होता, असे कोर्ट प्रथमदर्शनी गृहीत धरते आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. सही कोऱ्या धनादेशावर केली होती, रक्कम दुसऱ्याने भरली, एवढ्याने हे गृहीतक जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बीर सिंग विरुद्ध मुकेशकुमार या खटल्यात म्हटले. दिवाणी दाव्यात जे कर्ज सावकाराला सिद्ध करावे लागले असते, ते धनादेशाने फौजदारी कोर्टात आयतेच उभे राहते. खासगी सावकारांपासून गल्लीबोळांतल्या फायनान्स कंपन्यांपर्यंत साऱ्यांना कोऱ्या धनादेशाचे एवढे प्रेम आहे, ते याचमुळे.

दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची मर्यादा घालून दिली. धनादेश दिल्यानंतर कर्जाचा काही भाग फेडला गेला असेल आणि तशी नोंद धनादेशावर न करता तो पूर्ण रकमेला वटवण्यास टाकला, तर वटवतेवेळी तेवढे कायदेशीर देणेच अस्तित्वात नसल्याने कलम १३८ चा गुन्हा होत नाही. हा निकाल कर्जदाराच्या उपयोगाचा आहे, पण फेड झाल्याचा पुरावा असेल तरच. धनादेश परत मिळत नसतील, तर त्यांचे क्रमांक लिहून, देणे फिटले असून धनादेश परत करावेत अशी स्पीड पोस्टाने सूचना द्यावी, तिची प्रत आणि पोहोच जपावी, आणि बँकेलाही कळवावे. बँकेला नुसते 'पैसे देऊ नका' सांगितल्याने कलम १३८ टळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. एवढे करूनही नोटीस आलीच, तर पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलेच पाहिजे. घाबरून नोटीस न स्वीकारणे हा कार्यकर्त्यांना ठिकठिकाणी भेटणारा प्रकार कर्जदाराला सर्वाधिक नुकसान करतो.

कर्ज कोर्टात गेले असेल तर नियम आणखी कडक आहे. हुकूमनामा झाल्यावर कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली गेली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे अंमलबजावणी करणारे कोर्ट ती विचारातच घेत नाही. नोंदीचा अर्ज ऋणकोने तीस दिवसांत करावयाचा असतो. पैसे दिले, पावतीही घेतली, आणि वर्षाने त्याच हुकूमनाम्यावर जप्ती आली, असे यामुळे घडते. दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवावी. तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही.

सातबाऱ्यावरची नोंद

जमीन गहाण असेल तर पैसे फिटले म्हणजे जमीन सुटली असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे गहाण फेडणाऱ्याला आपले दस्तऐवज आणि ताबा परत मिळण्याचा, तसेच गहाण संपल्याचा नोंदणीकृत लेख मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क सोडून देण्याची गहाणखतातील अट कोर्ट मानत नाही. ताबा गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे. तेव्हा आज्याने गहाण ठेवलेली जमीन नातवाने सोडवणे कायद्याने अशक्य नव्हे.

परंतु आजचा सावकार गहाणखत करतोच कुठे? तो सरळ खरेदीखत करून घेतो. 'पैसे आले की परत करून देतो' हे तोंडी, किंवा फार तर वेगळ्या कागदावर. १९२९ सालच्या दुरुस्तीने असे ठरले की, खरेदीच्या दस्तातच परत देण्याची अट लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. कर्जापोटीचे खरेदीखत हे म्हणून साऱ्या कागदांत सर्वात भयंकर. २०१४ च्या महाराष्ट्र कायद्याने या दारात पाचर मारली आहे. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतील व्यवहार असेल तर, चौकशीअंती ऋणकोला परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक कलम १८ खाली देऊ शकतो. त्यासाठी व्यवहार मुळात कर्जाचा होता हे दाखवावे लागते: दस्तात लिहिलेली किंमत बाजारभावाच्या मानाने किती कमी होती, ताबा कोणाकडे राहिला, व्याज म्हणून कोणकोणत्या रकमा गेल्या. दर महिन्याला फोनवरून गेलेल्या अडीच-अडीच हजारांच्या नोंदी येथे सोन्याच्या मोलाच्या ठरतात.

अशा प्रकरणात तडजोड झाली, तर पैसे आणि दस्त एकाच टेबलावर पाहिजेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, जमीन परत नावावर करून देणाऱ्या दस्ताची नोंदणी होताना. 'आधी पैसे द्या, पुढच्या आठवड्यात सही करतो' हे ऐकू नये. त्यानंतर फेरफार. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात चढलेला बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकीचा दाखला जोडून अर्ज द्यावा लागतो आणि नवा उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. महाराष्ट्राबाहेरच्या कॉम्रेड्सनी आपापल्या दप्तराचे नाव माहीत करून घ्यावे. बेळगाव-बिदरकडे ती पहाणी, गोव्यात एक-चौदाचा उतारा, मध्य प्रदेशात खसरा. गुजरातेत सातबाराच आहे. सावकारीचे कायदेही राज्याराज्यांत वेगळे आहेत. करार, मुदत, धनादेश यांचे कायदे मात्र सर्वत्र तेच.

बँकांच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये घालून दिलेला नियम ठाऊक असावा. घरकर्जासह वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करून बोजा उतरवला पाहिजे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. गाडीच्या कर्जात नोंदणी पुस्तकावरचा बोजा काढण्यासाठी वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. पतमाहिती कंपनीच्या अहवालात पूर्ण फेडलेले खाते 'बंद' दिसते आणि कमी रकमेत मिटलेले खाते 'तडजोड' म्हणून दिसते. पुढे कर्ज मागताना ही नोंद आड येते. हे आधीच कळलेले बरे, कारण थोडीच रक्कम अधिक देऊन खाते पूर्ण बंद होत असेल तर कधी कधी ते परवडते. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे.

बँकेकडून एकरकमी तडजोड मागणे हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बिजनोर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले. दीड वर्षाने, जून २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक ठरलेल्या खात्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. त्या मुभेचा लाभ घेणाऱ्याला बेबाकीचा दाखला मागण्यासाठी शाखेत खेटे घालावे लागत असतील, असे वाटत नाही.

सरकारी कर्जमाफी हीसुद्धा एक तडजोडच, आणि तिथेही कागदाचा प्रश्न आहे. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफी योजनेची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी २०१३ साली अहवाल दिला. प्रमाणपत्रांच्या दृष्टीने तपासलेल्या खात्यांपैकी ३४ टक्क्यांहून अधिक खात्यांत शेतकऱ्याला माफीचे प्रमाणपत्र दिल्याची पोहोच किंवा अन्य कसलाही पुरावा आढळला नाही. नवे पीककर्ज मिळण्याचा आधार तेच प्रमाणपत्र होते. माफी जाहीर झाली की मोर्चा संपतो. प्रमाणपत्र मिळाले की नाही हे पाहायला गावात कोण जाते?

जामीनदारांविषयी थोडक्यात. मुख्य ऋणको मुक्त झाला की जामीनदार मुक्त होतो, हा सामान्य नियम आहे. परंतु सहकर्जदारांपैकी एकाला सोडल्याने बाकीचे सुटत नाहीत. बचत गटात किंवा मायक्रोफायनान्सच्या गटात एका बाईने आपला हिशेब मिटवला तरी गटाच्या कर्जावरची तिची सही तशीच राहते. बेबाकीच्या कागदात प्रत्येकाचे नाव घालून घ्यावे. आणि कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेल्याची सूचना हाती आली असेल, तर जुन्या धनकोला पैसे देऊ नयेत. तशी सूचना मिळण्यापूर्वी दिलेली रक्कम मात्र नव्या धनकोवरही बंधनकारक आहे. म्हणून त्या सूचनेची तारीख आणि लिफाफा जपून ठेवावा.

ज्या कर्जाची तडजोड करायचीच नसते

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशांपोटी नवरा-बायको दोघे जमीनदाराच्या घरी राबत, आणि हिशेब जमीनदाराच्या वहीत असल्यामुळे तो कधीच संपत नसे. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात या जीवनाची हकीकत लिहिली आहे. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा त्यांनी कोणाशी व्याजाची घासाघीस केली नाही. लग्नगड्यांनी काम सोडले आणि ते घरी निघून आले.

त्यानंतर तीस वर्षांनी ही गोष्ट कायद्यात आली. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कलम ६ प्रमाणे वेठबिगारीच्या कर्जाची परतफेडीची जबाबदारीच नष्ट झाली. त्यापोटी तारण ठेवलेली मालमत्ता परत द्यायची आहे. अशा नष्ट झालेल्या कर्जापोटी रक्कम स्वीकारणे हा कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने धनकोवर टाकला आहे. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, मजुराकडून सक्तीने काम घेतले जात आहे असे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरले पाहिजे.

ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्या साथींनी हे विशेष लक्षात घ्यावे. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि गुजरातेत जाणाऱ्या कोयत्याची उचल मुकादमाच्या वहीत लिहिलेली असते. हंगाम संपला की 'इतके अंगावर राहिले' एवढेच जोडप्याला सांगितले जाते, आणि ते पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवले जाते. १८७५ च्या रोख्याची रीतही हीच होती. येथे कार्यकर्त्याने आधी विचारावयाचा प्रश्न रकमेचा नाही. हे जोडपे मनात आणले तर दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकते काय, गावी परतू शकते काय, आणि कापलेल्या टनांवर किमान वेतनाएवढे तरी पडले काय? याची उत्तरे नकारार्थी असतील, तर तडजोडीचा कागद करून ते कर्ज कबूल करू नये. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे करावा आणि वेठबिगारीतून मुक्ततेचे प्रमाणपत्र मागावे. उत्तरे होकारार्थी असतील, तर हंगामाच्या सुरुवातीलाच उचलीची रक्कम आणि टनाचा दर लिहून घ्यावा, प्रत्येक खेपेच्या वजनाची चिठ्ठी पोरांच्या वहीत चिकटवून ठेवावी, आणि शेवटचा हिशेब मुकादमाच्या खोपीत नव्हे, तर गावी, चार माणसांसमोर, दोन्ही वह्या शेजारी ठेवून करावा.